मदत हवी आहे: 'रक्त लावा' लिहायच्या आधीचा विचार आरएमओ आणि सिस्टरना कसा शिकवू?

नमस्कार मंडळी,

मी मुंबईत, पश्चिम उपनगरातल्या एका 60 खाटांच्या हॉस्पिटलात सिस्टर इन्चार्ज आहे. मेट्रन मॅडमनी परवा बोलावलं आणि म्हणाल्या की रक्त चढवण्याचं ट्रेनिंग तू घे, दोन दुपारी देते, नवीन आरएमओ (वॉर्डातले निवासी डॉक्टर) आणि स्टाफ मिळून 22 जण आहेत. जुनी पीपीटी आहे माझ्याकडे, काल रात्री उघडून बघितली तर सगळं पिशवी वॉर्डात आल्यानंतरचंच, फ्रिजमधून काढल्यावर अर्ध्या तासात सुरू करा, चार तासांत संपवा, पहिली 15 मिनिटं पेशंटजवळ थांबा वगैरे. हे हवंच, पण रक्त द्यायचं का, किती द्यायचं, हे कोण आणि काय बघून ठरवतं यावर एक स्लाइड नाही.

हे डोक्यात का बसलंय ते सांगते. आधीच्या नोकरीत (हॉस्पिटलचं नाव विचारू नका) रात्रपाळीला एक आजी होत्या, वजन 38 किलो, पाय सुजलेले, हिमोग्लोबिन 6.4. साडेदहाला सरांचा फोन आला, "दोन पीसीव्ही लाव", म्हणजे लाल पेशींच्या दोन पिशव्या. आरएमओने लिहिलं, सही केली, मी सॅम्पल पाठवलं. आमचं चेकिंग चोख होतं हो, दोघींनी नाव, आयपीडी नंबर, ग्रुप, एक्सपायरी मोठ्याने वाचून घेतलं. सव्वाबाराला पहिली लावली, अडीचला संपली, लगेच दुसरी. पाचला आजी उठून बसल्या, उशीला टेकेनात, मला म्हणाल्या, "पोरी, खिडकी उघड गं." खिडकी उघडीच होती. सॅच्युरेशन 84. ऑक्सिजन, लॅसिक्स (लघवीवाटे पाणी काढणारं औषध), धावपळ, सकाळपर्यंत सावरल्या. टॅको होता, म्हणजे रक्ताच्या ओझ्याने फुफ्फुसात पाणी. रजिस्टरमध्ये कुणी काही लिहिलं नाही, "हार्टचा पेशंट आहे, होतं असं" म्हणून विषय संपला.

चेकलिस्टप्रमाणे आमची एकही चूक नव्हती, आणि तेच मला खातंय.

तर जाणकारांनी सांगा, हे शिकवायचं कसं? आणि आरएमओ पोरं सिस्टरचं ऐकून घेतील का हा वेगळाच प्रश्न.

पेढीवाला_दादर: ताई, मी ब्लड बँकेत टेक्निशियन आहे. पीपीटी बाजूला ठेवा आणि जुने मागणीचे फॉर्म आणा, नावं झाकून. कारणाच्या रकान्यात काय असतं बघा, 'लो एचबी', 'अर्जंट', नाहीतर कोरा. प्रत्येकाला एक फॉर्म द्या आणि विचारा, एवढ्यावर तू रक्त दिलं असतंस का? हिमोग्लोबिन सात ग्रॅमच्या खाली गेलं की रक्त, हा आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण तो रक्तस्राव नसलेल्या, स्थिर पेशंटसाठी आहे हे विसरतात, हार्टवाल्यांना साधारण आठ धरतात. महिनोन् महिने साडेसहावर असलेली बाई ओपीडीत चालत येते, तिला बऱ्याचदा लोहाचं इंजेक्शन पुरतं. आणि एक पिशवी मध्यम बांध्याच्या माणसाचं हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने वाढवते, तुमच्या 38 किलोच्या आजींचं त्याहून जास्तच वाढलं असणार, म्हणजे एक लावून, पेशंट बघून, मगच दुसरीचा विचार. दोनची जोडी हा नुसता रिवाज आहे.

खट्याळ_गिरगावकर: म्हणजे आता सिस्टर ठरवणार रक्त द्यायचं का? मग डॉक्टरांनी काय कॅन्टीन चालवायचं? 😄

लंडनची_सिस्टर: गिरगावकर, इथे इंग्लंडमध्ये खरंच ठरवतात हो. मी तो कोर्स केलाय. इथल्या कायद्यात रक्त औषधात मोडत नाही म्हणून त्याला प्रिस्क्रिप्शन म्हणत नाहीत, ऑथरायझेशन म्हणतात, आणि अनुभवी नर्सला ट्रेनिंग घेऊन, हॉस्पिटलच्या परवानगीने ते करता येतं. पण कोर्स झाला की लगेच पेन हातात देत नाहीत, आधी आपल्याच वॉर्डात सीनियर डॉक्टरच्या देखरेखीखाली केसेस कराव्या लागतात, आणि नंतरही आपल्या कामातल्या पेशंटपुरतंच. इथे रक्त चढवताना झालेल्या गंभीर त्रासांची शॉट नावाची नोंदणी 1996 पासून चालते, त्यांच्या अहवालांत रक्तामुळे झालेल्या मृत्यूंत टॅको वरच्या नंबरावर असतो. ताई, मला सगळ्यात उपयोग झाला तो फोनच्या नाटकाचा. एकाने रात्री झोपेतून उठलेला कन्सल्टंट व्हायचं, दुसऱ्याने फोन करायचा: "सर, वजन 38, पायाला सूज आहे, एकच लावून परत बघू का?" पहिल्या वेळी सगळ्यांची जीभ अडखळते.

पेढीवाला_दादर: नाटक भारी आहे. त्यात सॅम्पलचा प्रवेशही घाला. एका वॉर्डात दोन कांबळे, काउंटरवर बसून आधीच चिकटवलेली लेबलं, मग काय होतं ते दाखवा. सॅम्पल घेतल्यावर लेबल खाटेपाशीच, पेशंटच्या तोंडून नाव ऐकून. आणि कुणी "ओ सगळ्यांना चालतं" म्हणालं तर त्याला बॉम्बे ग्रुप विचारा, ओ रक्तही न चालणारा दुर्मिळ रक्तगट. आपल्याच शहरात भेंडे डॉक्टरांनी शोधला, 1952 साली लॅन्सेटमध्ये आला. नुसत्या पेशी तपासल्या तर तो ओसारखाच दिसतो, सीरम ओ पेशींबरोबर लावलं की पितळ उघडं पडतं. त्या पेशंटला ओ दिलंत तर जिवावर बेतेल.

धागाकर्ती: दोघांचे आभार. गिरगावकर, आपल्याकडे रक्त औषध कायद्यात येतं, ऑर्डर डॉक्टरचीच लागते आणि मला ती सही नकोच आहे. सही व्हायच्या आधी वजन आणि सूज मोठ्याने बोलली जावी एवढंच मागतेय, मग बोलणारी सिस्टर असो की आरएमओ. आजींची केस आपल्या हिमोव्हिजिलन्समध्ये (रक्त चढवताना झालेल्या त्रासांची देशातली नोंदणी) कळवता आली असती, 2012 पासून आहे ते, आमच्या तिथे कुणी फॉर्मच काढला नाही. म्हणून दुसऱ्या दुपारी तो फॉर्म सगळ्यांकडून भरून घेणार, आजींचीच केस देऊन, नाव न घेता.

पेढीवाले दादा, नावं झाकलेले 20 फॉर्म तुमच्या ऑफिसरना विचारून मिळतील का? आमच्या फाइलीत जेमतेम सहा सापडले आणि त्यातल्या दोनवर कारणाच्या जागी नुसती सही आहे. गुरुवारी ड्युटी संपवून दादरला उतरेन, चारपर्यंत पोचते.