पूर्वेची बाल्कनी, पहिल्यांदाच भाजी लावतेय. काय लावू?

गवतीचहा_डोंबिवली
नमस्कार मंडळी. चौथ्या मजल्यावर 8 बाय 3 फुटांची बाल्कनी आहे. ऊन सकाळी सातपासून साडेदहापर्यंत, मग संपलं. आजवर तुळस आणि गवती चहा एवढंच लावलंय. पाऊस ओसरलाय, म्हणून भाजीचं मनात आहे: टोमॅटो, ढोबळी मिरची, दोडका. ऑनलाइन एक 'संपूर्ण किट' दिसतंय, बारा प्रकारचं बी, खत, खुरपं सगळं त्यात. घेऊ का?

मूठभर_माती
किट नको. बारा प्रकारचं बी लावणार कुठे?

आधी ऊन बघा. घटस्थापनेला पेरलेलं धान पिवळं का येतं? देव्हाऱ्याजवळ ऊन नसतं म्हणून. साडेतीन तासांच्या उन्हात टोमॅटोचंही तसंच होणार, नुसता लांबत जाईल. त्याला निदान सहा तास लागतात. पालेभाज्या मात्र तुमच्या उन्हात आरामात येतील.

मेथीपासून सुरुवात करा. बी वेगळं आणूच नका, डब्यातली मेथी चालते. रात्रभर भिजवायची, मातीवर दाट पसरायची, वर अर्धा इंच माती. तीन-चार दिवसांत कोंब दिसतात. दोन आठवड्यांनी बाजारातल्या समुद्रमेथीएवढी झाली की उपटून घ्या, नाहीतर महिनाभर थांबून मोठी काढा. दर आठवड्याला थोडी थोडी पेरलीत तर खंड पडत नाही.

भांडं म्हणजे फळवाल्याकडचा प्लास्टिकचा क्रेट, आत जुनी गोणी अंथरून. सहा-आठ इंच खोली पुरते. लाल माती, गांडूळखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सारखं घ्या. हे मिश्रण ओलं करून मुठीत दाबायचं. गोळा व्हायला हवा आणि बोट लावताच फुटायला हवा. फुटलाच नाही तर माती जास्त झालीय, कोकोपीट वाढवा.

झणझणीत
वरच्याशी बहुतेक सहमत, पण मिरचीचं एखादं रोप लावाच. ढोबळी नव्हे, साधी तिखट. माझी बाल्कनीही पूर्वेचीच आहे. ढीगभर नाही, पण फोडणीपुरत्या मिळतात. फक्त पानांच्या मागे नजर ठेवा. कापसासारखं पांढरं दिसलं की तो पिठ्या ढेकूण. आधी पाण्याची जोरदार धार मारायची. मग लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब, ऊन उतरल्यावर फवारायचं.

गच्चीवाला_काका
दोडक्याचं मीही सांगतो. माझ्याकडे अख्खी गच्ची आहे, तरी पहिली फुलं गळूनच जायची. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढा दोडका असतो, नर फुलाचा देठ साधा. परागीभवन झालं नाही तर तो इवला दोडका पिवळा पडून गळतो. दिवेलागणीला नर फूल तोडून मादीवर अलगद फिरवायचं. पण ताई, तीन फुटांत मांडव कुठे घालणार? राहू द्या.

गवतीचहा_डोंबिवली
बरं, टोमॅटो, ढोबळी आणि दोडका रद्द! मेथी नक्की. कोथिंबीर? आणि कबुतरांचं काय करू? तुळशीच्या कुंडीतसुद्धा येऊन बसतात.

मूठभर_माती
कोथिंबीर दिवाळीनंतर पेरा, ऑक्टोबरच्या उकाड्यात ती रुसते. धणे लाटण्याने हलके रगडून दोन दलं वेगळी करायची. पीठ नाही करायचं! उगवायला आठ-दहा दिवस लागतात, तोवर माती उकरून बघू नका. धणे भाजलेले नाहीत ना, तेवढं बघा.

कबुतरांसाठी पेरलेल्या क्रेटवर दुसरा क्रेट उपडा ठेवा. जाळीतून उजेड येतो, चोच शिरत नाही. कोंब दोन-तीन इंच झाले की काढा आणि बाल्कनीला जाळी लावून घ्या.

झणझणीत
आणि क्रेटखाली ट्रे हवाच. लाल मातीचं पाणी खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडलं, तर पहिली जुडी तिकडेच द्यावी लागेल.