पावसाळा तोंडावर, बेसमेंटची खोदाई आणि शेजारी जुनी भिंत. काम थांबवायला कसं सांगू?

साइटवाला_पुणे
नमस्कार मंडळी. मी पुण्यात एका मोठ्या गृहप्रकल्पावर साइट इंजिनीअर आहे, सहा टॉवर, त्यातले चार प्लिंथच्या (जोत्याच्या) वर गेलेत आणि आता मे संपता संपता पाचव्याच्या बेसमेंटची खोदाई सुरू करायचं चाललंय, सहा-सात मीटर खोल. हद्दीला शेजारच्या सोसायटीची जुनी दगडी कंपाउंड वॉल आहे, पलीकडे त्यांचं पार्किंग, अलीकडे भिंतीला लागूनच आमच्या लेबरच्या पत्र्याच्या खोल्या, चाळीसेक माणसं, बायका-पोरांसकट. ऑफिसात रिस्क रजिस्टरची, म्हणजे धोके आणि त्यांवरच्या उपायांच्या यादीची एक्सेल शीट आहे, त्यात खोदाई ढासळण्याच्या रकान्यात उपाय म्हणून "योग्य काळजी घेणे" एवढंच लिहिलंय. पोकलेन (खोदाईचं मशीन) सोमवारी येणार, मॅनेजर साहेब म्हणतात पाऊस लागायच्या आत राफ्ट (पायाचा सलग काँक्रीट स्लॅब) टाकून मोकळे होऊ. मला रात्री झोप लागत नाही. तीन वर्षांचाच अनुभव आहे माझा, कसं बोलू?

जुना_स्ट्रक्चरल
बाळा, आधी खोल्या हलव, बाकीचं नंतर वाच. २०१९ च्या जूनअखेरीस पुण्यातच कोंढव्यात नेमकं हेच झालं होतं, रात्रीची वेळ, मुसळधार पाऊस, सोसायटीची भिंत पार्किंगमधल्या गाड्यांसकट खालच्या लेबरच्या खोल्यांवर आली, १५ जण गेले, त्यात लहान मुलंही होती. लगेच दोन-तीन दिवसांत आंबेगावला अजून एक भिंत पडली, तिथे ६ जण. ही सगळी झोपेतली माणसं होती, त्यामुळे हेल्मेट-बेल्ट तपासून यातलं कुणीच वाचलं नसतं.

कंपाउंड वॉल ही आडोशासाठी बांधलेली असते रे, माती अडवायला नाही. पलीकडे भराव टाकून पार्किंग केलं की तिच्यावर कडेने दाब येतो, पावसात तो भराव भिजला की पाण्याचा दाब वेगळा, वीप होल (पाणी बाहेर जायची भोकं) असलीच तर बुजलेली, आणि आपण अलीकडून पायथ्याची माती काढून घेतो. इतकी वर्षं उभी आहे म्हणून पुढेही राहील असं म्हणणाऱ्याला सांग की तिच्या पायाशी आजवर कुणी सात मीटर खोदलेलं नव्हतं.

मुरूम_ते_बेसॉल्ट
मी जिओटेक्निकलमध्ये, म्हणजे माती-खडक तपासणीत आहे. बोअर लॉग (जमिनीत भोक पाडून खाली कुठले थर लागले त्याची नोंद) बघितलेत का? आपल्याकडे वर काळी माती किंवा भराव, मग मुरूम, मग खडक, आणि बोअर बहुतेक वेळा टॉवरच्या मधोमध घेतलेले असतात, हद्दीवर घेतच नाहीत. भिंतीपाशी दोन ट्रायल पिट (तपासणीचे छोटे खड्डे) घ्या, पण भिंतीच्या पायाखाली जाऊ नका, भिंतीचा पाया किती खोल आहे तेवढं कळलं तरी निम्मा वाद मिटेल.

सॉइल नेलिंग (खोदाईच्या कडेच्या मातीत आडव्या सळ्या रोवून ती धरून ठेवणं) कुणी सुचवलं तर लक्षात ठेवा की त्या सळ्या शेजारच्या जागेखाली जातात, त्यांची लेखी परवानगी लागते. नाही मिळाली तर हद्दीवर पाइल (जमिनीत खोल उभे काँक्रीटचे खांब) मारून मग खोदाई. आणि निघालेली माती कडेला रचू देऊ नका, खोदाईच्या सुरक्षिततेच्या भारतीय मानकात, आयएस ३७६४ मध्ये, कडेपासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मं, जे जास्त असेल ते अंतर दिलंय, डंपरवाले सोयीसाठी अगदी काठावर ढीग लावतात.

प्लॅनिंगवाली
थोडं वेगळं सांगते. मॅनेजरसमोर "धोका आहे, थांबवा" म्हणून गेलास तर तो तारीख दाखवेल, आणि त्याच्यावर तारखेचं दडपण खरंच असतं, रेराला (गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाला) दिलेली पझेशनची तारीख चुकली की ग्राहकांना व्याज द्यावं लागतं. म्हणून जाताना बदललेला बारचार्ट (कामांच्या वेळापत्रकाचा तक्ता) घेऊन जा. चार टॉवर वर आहेत ना, मग पावसाळ्यात सेंटरिंगच्या (स्लॅबचे साचे लावणाऱ्या) गँग तिकडे वाढव, ब्लॉकवर्क, आतलं प्लंबिंग पुढे ओढ, पाचव्याची खोदाई भिंतीपासून लांबच्या बाजूने कर आणि भिंतीकडचा मातीचा पट्टा तसाच उतारात सोड, तो दिवाळीनंतर सपोर्ट देऊन काढायचा. पाचवा टॉवर रेराला वेगळा फेज म्हणून नोंदवला असेल तर त्याची तारीखही वेगळी असेल, ती आधी बघ.

विम्याचंही विचार. कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क पॉलिसी बहुतेकांची असते, पण शेजारच्याच्या मालमत्तेचं नुकसान त्यात घेतलंय का हे साइटवर कुणी वाचलेलं नसतं, आणि वाजवी खबरदारी घेतली नाही असं दिसलं तर क्लेम अडकतो. मालक लोकांना हे लगेच कळतं.

सोसायटी_सेक्रेटरी
मी भिंतीच्या पलीकडचा माणूस, म्हणजे तुमच्या नाही, दुसऱ्या साइटच्या. आम्हाला कुणी काही सांगितलंच नव्हतं, भिंतीला चीर दिसली तेव्हा आम्हीच गेटवर गेलो. मग कळलं की आमचीच ड्रेनेज लाइन भिंतीलगत गळत होती. प्लंबर बोलावून दोन दिवसांत दुरुस्त केली आणि त्या कडेच्या गाड्या दुसरीकडे लावायला लावल्या. साइटवाल्यांनी चिरेवर काचपट्ट्या चिकटवल्या (चीर वाढली की काच तडकते), रोज सकाळी त्यांचा माणूस आणि आमचा वॉचमन मिळून बघायचे. दादा, शेजाऱ्यांना जाऊन भेटा, लोक वाटतात तेवढे भांडकुदळ नसतात.

साइटवाला_पुणे
सगळ्यांचे मनापासून आभार. काल बारचार्ट घेऊन गेलो, सोबत स्ट्रक्चरल कन्सल्टंटचा ईमेल. मॅनेजर साहेब अर्धा तास काहीच बोलले नाहीत, मग स्वतः भिंतीपाशी चालत आले. खोल्या आज दुपारपासून हलवतोय, मुकादम म्हणाला नवीन जागी पाण्याची लाइन नाही, बायकांना लांबून पाणी आणावं लागेल, त्यामुळे आधी टँकर आणि टाकी लावून घेतोय, नाहीतर चार दिवसांत लोक परत इकडेच येतील. सोमवारचा पोकलेन लांबच्या कडेला लागेल. शेजारच्या सेक्रेटरींना रविवारी भेटतोय. एक अजून ठरायचंय, रात्री पाऊस वाढला तर पंप चालू करणं आणि माणसं उठवणं हे कुणी करायचं. मी माझं नाव दिलंय, पण रात्रपाळीला अजून एक जण हवाय. तुमच्या साइटवर हे कसं लावता?

जुना_स्ट्रक्चरल
दोघांची नावं आणि नंबर खोल्यांच्या दारावर हिंदीत लिहून चिकटव, गेटच्या सिक्युरिटीकडेही दे. पंपाला डिझेल जनरेटर जोड, पहिल्या मोठ्या पावसात लाइट जातेच. आणि ज्याचं नाव लिहिशील त्याला काम बंद करायचा अधिकार मॅनेजरकडून लेखी घे, रात्री दोन वाजता त्याला कुणाची परवानगी मागत बसायची वेळ येता कामा नये.