शब्दचर्चा : गॅरी लिनेकर – आघाडीवीर, समालोचक की आणखी काही?

प्रश्न : इंग्लंडचा फुटबॉलपटू गॅरी लिनेकरच्या कारकिर्दीवर मराठीत लेख लिहायला घेतलाय आणि पहिल्याच वाक्यात अडकलोय. 'विपुल गोल करणारा आक्रमक आणि नंतरचा समालोचक' असं लिहिलं, पण तीनही शब्द खटकताहेत. जाणकारांनी सुचवावं.

प्रतिसाद : तिन्ही खटकताहेत ते बरोबरच आहे.

'विपुल' आधी काढा. लेखन विपुल असतं; गोलांचा आपल्याकडे रतीब घालतात. लिनेकरने तो खराच घातला. १९८५-८६ च्या हंगामात एव्हर्टन या इंग्लिश क्लबकडून सगळ्या स्पर्धा धरून ५७ सामन्यांत ४० गोल, आणि इंग्लंडकडून ८० सामन्यांत ४८. बॉबी चार्लटनच्या तेव्हाच्या विक्रमापेक्षा फक्त एक कमी. शेवटी जपानमध्ये नागोया ग्रॅम्पस या क्लबकडे गेल्यावर पायाच्या बोटाच्या दुखण्याने रतीब तुटला.

'आक्रमक' तर त्याच्या बाबतीत मुळीच नको. हा शब्द वाचला की मराठी माणसाला आधी स्वभाव दिसतो. पूर्ण कारकिर्दीत एकदाही पिवळं कार्ड न मिळालेल्या खेळाडूला आक्रमक म्हटलं, तर वाचकाच्या मनात भलताच माणूस उभा राहील.

'आघाडीवीर' चांगला शब्द आहे, पण तो फळीचं नाव सांगतो, काम सांगत नाही. बार्सिलोनात योहान क्रायफ प्रशिक्षक म्हणून आला आणि त्याने लिनेकरला उजव्या बगलेवर खेळवलं. तेव्हाही तो आघाडीवीरच होता, पण मध्यभागी राहून मुख्यतः गोल करणारा, म्हणजे स्ट्रायकर, मात्र राहिला नव्हता. म्हणून मी पहिल्यांदा 'स्ट्रायकर' असंच लिहीन. वाचकांना तो शब्द ठाऊक आहे. पुढे हवं तिथे आघाडीवीर वापरा.

त्याचं काम एका क्रियापदात सांगायचं तर 'टपून असणे'. १९८६ च्या विश्वचषकातला माँतेरेचा पोलंडविरुद्धचा सामना घ्या. दुखऱ्या मनगटाला पट्टा बांधून तो उतरला होता. नवव्या मिनिटाला उजवीकडून चेंडू गोलसमोर आला, हा पोहोचलेला. चौदाव्या मिनिटाला डावीकडून आला, पुन्हा हाच. चौतिसाव्या मिनिटाला कॉर्नरवर गोलरक्षकाकडून चेंडू सुटला, तोही याच्याच पायाशी. तीनही गोल जाळ्याच्या अगदी जवळून. त्या स्पर्धेत एकूण सहा गोल करून त्याने सर्वाधिक गोलांचा 'गोल्डन बूट' पटकावला. काही जण अशा खेळाडूला 'संधिसाधू' म्हणतात, ते कृपया टाळा. मराठीत तो राजकारण्यांसाठी राखून ठेवलेला शब्द आहे. चेंडू कुठे पडणार हे बचावपटूच्या आधी ओळखणं ही फार मोठी विद्या आहे, तिच्यावर असा डाग लावू नये.

दुसरा प्रतिसाद : गोल करणारा म्हणून 'गोलंदाज' म्हटलं तर?

प्रतिसाद : नको. गोलंदाज म्हणजे मुळात तोफेचा गोळा डागणारा; क्रिकेटने तो उचलला आणि आता तो क्रिकेटचाच झाला.

आता 'समालोचक'. माझा खरा आक्षेप इथे आहे. सामना चालू असताना चेंडूमागून जो बोलत जातो तो समालोचक. बाळ ज. पंडित आकाशवाणीवरून क्रिकेटचं मराठीत जे करत, ते समालोचन. बीबीसीवर फुटबॉलसाठी जॉन मॉट्सन करत, तेही समालोचन. लिनेकरची ओळख या कामाची नाही. निवृत्तीनंतर तो सुरुवातीला विश्लेषक म्हणून बसू लागला आणि १९९९ मध्ये आधीचा निवेदक डेस लायनम आयटीव्ही या दुसऱ्या वाहिनीकडे गेल्यावर 'मॅच ऑफ द डे' या बीबीसीच्या फुटबॉल कार्यक्रमाचा मुख्य निवेदक झाला, तो थेट मे २०२५ पर्यंत. विषय मांडणं, ॲलन शिअररसारख्या विश्लेषकाला नेमका प्रश्न विचारणं, पुढच्या सामन्याकडे वळणं, हे त्याचं काम होतं.

निवेदक, विश्लेषक आणि समालोचक ही तीन वेगळी माणसं आहेत, हे मार्च २०२३ मध्ये सगळ्या ब्रिटनने पाहिलं. आश्रय मागणाऱ्यांविषयीच्या सरकारी धोरणावर लिनेकरने ट्विटरवर टीका केली म्हणून बीबीसीने त्याला बाजूला बसवलं. विश्लेषक इयन राइट आणि शिअरर यांनी त्याला पाठिंबा म्हणून कार्यक्रमात येण्यास नकार दिला. मग समालोचकही मागे हटले. त्या शनिवारी कार्यक्रम जेमतेम वीस मिनिटांचा झाला : पडद्यावर गोल होताहेत, प्रेक्षकांचा गलका ऐकू येतोय, पण बोलणारं कोणीच नाही. पुढच्याच आठवड्यात लिनेकर कामावर परतला. तुमच्या लेखात हा प्रसंग येणार असेलच. तिथे सरसकट 'समालोचकांनी बहिष्कार टाकला' असं लिहिलंत, तर कोणी आधी आणि कोणी नंतर पाठिंबा दिला हे वाचकाला कळणारच नाही.

प्रश्नकर्ता : मग 'सूत्रसंचालक' का नको? आणि 'पूर्वाश्रमीचा स्ट्रायकर' चालेल का?

प्रतिसाद : सूत्रसंचालक चालेल, चुकीचा नाही. मला त्यात हार-तुरे आणि आभारप्रदर्शन दिसतं, म्हणून मी निवेदक लिहितो.

'पूर्वाश्रमीचा' सुंदर शब्द आहे, पण त्याला आश्रम बदलावा लागतो. जॉर्ज वेआला तो शोभेल : १९९५ चा बॅलन डी'ओर (वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार) विजेता स्ट्रायकर, पुढे लायबेरियाचा राष्ट्राध्यक्ष. लिनेकरने फुटबॉल कधी सोडलंच नाही, फक्त रेषेच्या पलीकडे जाऊन बसला. त्याच्यासाठी साधं 'माजी' पुरे.

मी असं वाक्य करेन : 'इंग्लंडसाठी गोलांचा रतीब घालणारा हा माजी स्ट्रायकर पुढे पाव शतकाहून अधिक काळ बीबीसीवर फुटबॉलचा निवेदक होता.' 'पाव शतक' भारदस्त वाटलं तर 'सव्वीस वर्षं' लिहा.