‘एक सीट, एक सीट!’ : शेअर रिक्षा, टॅक्सी, टमटम, वडाप – तुमचे अनुभव लिहा

मंडळी,

परवा रात्री साडेअकराच्या गाडीने डोंबिवलीला उतरले. शेअर रिक्षाची रांग पार जिन्यापर्यंत आलेली, माझ्यापुढे वीस-बावीस माणसं. रिक्षा आली की तिघं बसायचे आणि रांग तीन पावलं पुढे सरकायची. ही रांग नसती तर आम्ही इथे घर घेतलंच नसतं, हे तिथे उभ्या उभ्या लख्ख जाणवलं. लोकल स्टेशनपर्यंत आणून सोडते, पण घर तिथून तीन किलोमीटर आत. गेल्या पंचवीस वर्षांत वस्ती वाढली ती सगळी तिकडेच. आमच्या भागात बस यायच्या कितीतरी आधी शेअर रिक्षा आली होती.

मेट्रोचं कौतुक होतं, ते व्हायलाच हवं. पण माणशी पैसे घेऊन शहर चालतं ठेवणाऱ्या या गाड्यांबद्दल कोणी नीट लिहून ठेवत नाही, म्हणून हा धागा. शेअर टॅक्सी, ई-रिक्षा, अ‍ॅपवरची शेअर कॅब, ऑफिसची बस, काहीही चालेल. तक्रारही लिहा. आणि तुमच्यात कोणी चालवणारे असतील, तर त्यांनी नक्की लिहा.

राहायला विरार, नोकरी नरिमन पॉईंट

1994 पासून चर्चगेटची शेअर टॅक्सी. चौघं भरले की गाडी सुटायची. पद्मिनीत मागे तिघं, पुढे एक. मागच्यांनी पैसे पुढे द्यायचे, पुढच्याने मोजून ड्रायव्हरच्या हातात ठेवायचे, सुट्टे परत मागे यायचे. एकमेकांचं नाव माहीत नसताना वर्षानुवर्षं हा हिशेब चालला, कधी कोणाचा रुपया इकडचा तिकडे झाला नाही. शेवटची नोंदणी झालेली पद्मिनी 2023 च्या ऑक्टोबरात वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली, त्या दिवशी गलबलून आलं. आता मेट्रो-3 कफ परेडपर्यंत धावते, विधान भवनाचं स्टेशन माझ्या ऑफिसपासून जवळ आहे. तरी पाय आपोआप टॅक्सीच्या रांगेकडे वळतात.

रिक्षाचालक, ठाणे

ताई, बोलावलंत म्हणून लिहितो. एकोणीस वर्षं शेअर लाईनला आहे.

लोक म्हणतात, शेअरमध्ये रिक्षावाल्याची चांदी. हिशेब सांगतो. सकाळी सात ते दहा सगळे स्टेशनकडे येतात. कॉलनीतून तीन सीट भरून आणतो, पण उलट जायला कोणी नसतं. रिकामा जातो किंवा एका सीटवर जातो. संध्याकाळी हेच उलटं. म्हणजे भरलेल्या फेरीतूनच रिकाम्या फेरीचा गॅसही काढायचा. त्यात लाईनमध्ये नंबर यायला अर्धा तास, पंपावर सीएनजीला वेगळी रांग. 1 फेब्रुवारी 2025 पासून मुंबई-ठाण्याकडे मीटरचं किमान भाडं 23 चं 26 झालं, तेव्हा शेअरचंही वाढलं आणि आठवडाभर प्रत्येक फेरीला वाद. चिडणाऱ्या माणसाचा पगार वाढलेला नसतो, हे मला कळतं.

चौथ्या सीटबद्दल खरं बोलतो. परवाना तीन प्रवाशांचा आहे. माझ्या बाजूला चौथा बसवला की तो अर्धा बाहेर आणि हँडल वळवताना माझं कोपर त्याच्या पोटात. मी बरीच वर्षं बसवला. 2016 च्या पावसाळ्यात वळणावर एक मुलगा बाहेर फेकला गेला. हात मोडला, जीव वाचला. त्या दिवसापासून माझ्या गाडीत चौथी सीट नाही. त्यामुळे माझी फेरी बाजूवाल्यापेक्षा कमी पैशांची होते. होऊ दे.

लॉकडाऊननंतर दोनच प्रवासी बसवायची परवानगी होती, ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो. दोघांकडून तिघांचे पैसे मागायला तोंड उघडत नव्हतं. मधल्या सीटच्या पैशांवर मुलीची फी भरायचो मी.

परिचारिका, पुणे

मी हडपसरच्या बाजूला राहते, ड्यूटी तीन पाळ्यांत. सुरुवातीला सहा आसनी टमटम होत्या, आवाज इतका की उतरल्यावरही कानात घुमायचा. रात्रपाळीला जाताना मी कधी एकटी, बाकी सगळे पुरुष. मागे जागा असताना ‘पुढे बसा’ म्हणणारा ड्रायव्हर भेटलाय, आणि ‘ताईंना कडेची सीट द्या’ म्हणून तिघांना सरकवणाराही भेटलाय. एकदा शेजारच्याने मुद्दाम त्रास द्यायला सुरुवात केली. मी ओरडले. ड्रायव्हरने भर रस्त्यात गाडी थांबवून त्याला उतरवलं, पैसेही घेतले नाहीत. ते काका पुढे तीन वर्षं माझी पाळी लक्षात ठेवून गेटसमोर थांबायचे.

माझं म्हणणं एवढंच की बाईच्या सुरक्षिततेचा भार एका भल्या माणसावर किती दिवस टाकायचा? स्टँडवर एक दिवा लावा. रिक्षाच्या आत, मागच्या सीटवरून वाचता येईल असा नंबर लिहा.

आयटी, कुर्ला ते बीकेसी

2015 च्या सुमारास अ‍ॅपवरची शेअर कॅब आली तेव्हा आम्ही सगळे हरखलो होतो. घरासमोर गाडी, थंडगार, भाडं एकट्याच्या कॅबपेक्षा बरंच कमी. वर्षभरात खरं काय ते कळलं. आमचं भाडं कंपनी स्वतःच्या खिशातून भरत होती. ती सवलत आटली तसं भाडं चढलं, आणि एकाला घ्यायला गाडी कुठल्या कुठे फिरू लागली. मी जी कंपनी वापरायचो तिच्या गाडीत एकदा बीकेसीहून घरी यायला एक तास वीस मिनिटं लागली. ड्रायव्हर तितकाच वैतागलेला, कारण दुसरा प्रवासी वाढला म्हणून त्याच्या हातात फारसं काही वाढत नव्हतं. मार्च 2020 मध्ये करोना आला आणि शेअरचा पर्याय बंद झाला.

कुर्ला स्टेशनबाहेरची शेअर रिक्षा मात्र परत आली. तिचा मार्ग ठरलेला असतो. घरापर्यंत येत नाही, म्हणूनच ती परवडते. जुलै 2019 मध्ये बेस्टचं किमान तिकीट पाच रुपये झालं तेव्हा मी बसने जाऊ लागलो. मे 2025 मध्ये ते दहा झालं तरी बसच स्वस्त आहे. पण बस कधी येईल त्याचा नेम नाही. सकाळी नऊला मला दहा रुपयांपेक्षा दहा मिनिटं महाग पडतात.

कोल्हापूर

आमच्याकडं वडाप, म्हणजे माणशी पैसे घेऊन भरून नेणारी खासगी जीप. पंधरा माणसं, दोन करडं आणि टपावर भाजीच्या पाट्या. एस.टी. चुकली की वडापच. माझं अख्खं कॉलेज वडापनं झालं.

सध्या मुक्काम दिल्ली

इथे मेट्रोतून उतरलं की ई-रिक्षांचा घोळका. समोरासमोर दोन बाकं, चार माणसं, गुडघ्याला गुडघे. 2014 मध्ये कोर्टाने बंदी घातली, पुढे 2015 मध्ये कायदा बदलला आणि या रिक्षांना परवाना मिळू लागला. चालवणारे बरेचसे बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले. सायकल रिक्षा ओढून छाती भरून यायची, ते आता बसून कमावतात, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. चार्जिंगच्या जागा मात्र भयानक आहेत. एका शेडमध्ये उघड्या वायरींखाली झोपलेली माणसं मी पाहिली आहेत.

धागाकर्ती

सगळं दोनदा वाचलं. आमच्या स्टँडवर छप्पर आणि दिवा हवा म्हणून पत्र लिहायला घेतलंय, परिचारिका ताईंची नंबराची सूचना त्यात घातली. ठाण्याचे दादा, तुमच्या बाजूने काय लिहू?

रिक्षाचालक, ठाणे

ताई, एक नळ आणि एक मुतारी. दहा-बारा तास लाईनमध्ये असतो आम्ही. आणि छप्पर बांधतील तेव्हा रांगेवर बांधा म्हणावं, रिक्षांवर नको.