मोठी कंपनी फीचर उचलणारच असेल, तर छोट्यांनी नवं करायचं कशाला?

प्रश्न:
आम्ही चौघं मिळून फोटो शेअर करायचं अ‍ॅप बनवतोय. परवा एका गुंतवणूकदाराने तोंडावर सांगितलं, "चाललं तर मोठे लोक उचलतील." फार लागलं मनाला. तुमचा अनुभव काय?

उत्तर १:
उचलतात, खरंय. स्नॅपचॅटने २०१३ मध्ये स्टोरीज आणल्या, इन्स्टाग्रामने २०१६ मध्ये, नावासकट. पण २४ तासांनी पुसली जाणारी पोस्ट ही कल्पना लाइक्स मोजत बसणाऱ्यांना सुचणं अवघडच होतं.

उत्तर २:
यादी अंगठ्याने खाली ओढली, सोडली, की ताजी होते ना? ते लॉरेन ब्रिक्टर यांनी ट्वीटी या अ‍ॅपसाठी बनवलं. एकट्या माणसाची कंपनी! ट्विटरने २०१० मध्ये ते अ‍ॅपच विकत घेतलं. मी अ‍ॅप डिझाइन करते; ती ओढ हाताला लागली की आजही मला त्या एकट्या माणसाचं कौतुक वाटतं.

उत्तर ३:
इन्स्टाग्रामही आधी बर्बन नावाचं चेक-इनचं, म्हणजे आपण कुठे आहोत ते मित्रांना कळवायचं अ‍ॅप होतं. लोक फोटोच टाकतात हे दिसल्यावर त्यांनी बाकीचं जवळपास सगळं छाटलं. २०१२ मध्ये फेसबुकने १०० कोटी डॉलरला ते घ्यायचं ठरवलं, तेव्हा माणसं होती १३. मोठ्या कंपनीत एक बटण काढायलाही चार बैठका लागतात, हे मी स्वतः भोगलंय.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. आमच्या अ‍ॅपमध्ये सात टॅब आहेत. लोक एकच उघडतात, जुन्या फोटोखाली आवाजात आठवण ठेवायचा. बाकीचे सहा काढायचं उद्याच बोलते.