नववीतल्या मुलीला वर्गात त्रास, हातावर जखमा. मदत हवी आहे

नमस्कार. ओळख कळू नये म्हणून गाव आणि शाळा लिहीत नाही.

मुलगी चौदा वर्षांची. मागच्या महिन्यात चुलत नणंदेच्या लग्नात सगळ्याजणी मेंदी काढायला बसल्या, ही काही केल्या हात पुढे करेना. मेंदीसाठी हटून बसणारी पोर! रात्री झोपेत तिची बाही वर सरकली आणि जखमा दिसल्या. काही जुन्या, काही ताज्या. तिला उठवलं नाही, सकाळपर्यंत शेजारी बसून राहिले.

दोन दिवसांनी बोलली. बोलताना ती अडखळते. वर्गातल्या पाच-सहा मुली जूनपासून तिची नक्कल करतात, धडा वाचायची तिची पाळी आली की मागून खोकतात. कुणीतरी ती अडखळत असतानाचा फोटो काढून त्याचं व्हॉट्सअ‍ॅप स्टिकर केलंय, ते ग्रुपवर रोज फिरतं. शाळा सुटली तरी सुटका नाही. "मला मरायचं नाहीये गं, पण तसं केलं की डोक्यातला गोंगाट जरा थांबतो," म्हणाली.

वर्गशिक्षिका म्हणाल्या, "या वयात चालायचंच, तिला जरा धीट करा." मीही आधी 'दुर्लक्ष कर' म्हणून मोकळी झाले होते, त्याचं आता फार वाईट वाटतं. 2012 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दोन हजारांवर जुळ्या मुलांचा अभ्यास आला होता. बाराव्या वर्षापर्यंत ज्यांनी स्वतःला इजा केली, त्यांतल्या निम्म्याहून जास्त मुलांना सतत छळ सोसावा लागला होता. घरची आणि मनाची आधीची दुखणी हिशेबात धरूनही हा संबंध उरतोच. मग माझ्या लेकीच्या स्वभावालाच का बोल लावायचा?

आता मुख्याध्यापकांना लेखी द्यायचंय. त्यात जखमांचं लिहावं का? ती म्हणते, कुणाला सांगितलंस तर शाळेतच जाणार नाही. महाराष्ट्राच्या 1999 च्या रॅगिंगविरोधी कायद्यात लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखांनी सात दिवसांत चौकशी करायची, असं आहे. शाळेच्या बाबतीत कुणी त्याचा आधार घेतलाय का? यांचं म्हणणं, शाळाच बदलू. पण वर्षाच्या मध्यात?

प्रतिसाद:
ताई, शाळेचं नंतर, आधी मनोविकारतज्ज्ञ. याच आठवड्यात. तोवर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. जीव द्यावासा वाटतो का, हे तिला शांतपणे, स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट मुलं मोकळी होतात. घरातली औषधं कुलपात ठेवा. आणि 'माझी शपथ, पुन्हा करू नकोस' असं बांधून घालू नका. शपथ मोडली की मूल पुढच्या वेळी लपवतं. माझ्या मुलाने लपवलं होतं.

आम्ही अर्जात जखमांचं लिहिलं नव्हतं. कोण, कधी, काय बोललं ते तारखांसकट लिहिलं, ग्रुपचे स्क्रीनशॉट जोडले आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का नि आवक क्रमांक घेतला. अर्ज देण्याआधी तिला वाचून दाखवा.

धागाकर्ती:
शपथ कालच घातली होती मी. आज काढून घेते. ती शाळेतून यायच्या आत 14416 ला फोन करते, काय झालं ते रात्री इथेच लिहीन.