[तातडीचं] आईबाबांचं तिकीट टोरंटोवरून, व्हिसा लागतो का???

मीनल, गुरुवार, सकाळी ७:१२

मंडळी नमस्कार, घाईत लिहितेय, आज रात्री ९:४० च्या आत उत्तर हवंय.

वृषालीताईने पाडव्याच्या कार्यक्रमानंतर पॉईंट्सचं जे सांगितलं होतं ना, अगदी तसंच केलं. चेस बँकेच्या कार्डाचे १,४०,००० पॉईंट्स एरोप्लानला (एअर कॅनडाच्या पॉईंट्सच्या खात्यात) टाकले आणि काल रात्री आईबाबांची तिकिटं काढून टाकली. मुंबई–फ्रँकफर्ट लुफ्तान्सा, पुढे फ्रँकफर्ट–टोरंटो–कोलंबस एअर कॅनडा, १४ नोव्हेंबर, माणशी ७०,००० आणि वर टॅक्स. रात्री झोप लागेना इतका आनंद झाला. आणि सकाळी चहा पिताना राहुल म्हणतो, "टोरंटोला त्यांना व्हिसा लागेल ना?"

दोघांचे पासपोर्ट भारतीय आहेत, अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे, टोरंटोत फक्त अडीच तास आणि विमानतळाबाहेर पडायचंच नाहीये. तरी लागतो? माझी बाळंतपणाची तारीख २ डिसेंबर आहे, आता उगाच धोका नको.

मीनल

सुनंदाकाकू, ७:३१

अगं लागतो!! आमच्या धाकट्या भाऊजींचं हेच झालं होतं, सगळ्यांना माहितीच आहे म्हणा, मुंबईला काउंटरवर रात्री दीड वाजता त्यांना सांगितलं की कॅनडाचा ट्रान्झिट व्हिसा दाखवा आणि तो नव्हता, अमेरिकेचा व्हिसा काढून दाखवतायत, लग्नाची पत्रिका दाखवतायत, पण त्या मुलीने ऐकलं नाही, तिचाही दोष नाही म्हणा, आणि मग बॅगा घेऊन रात्री तीनला दादरला परत. भाऊजींना अजूनही कोणी टोरंटो म्हटलं की राग येतो. तू ते तिकीट ठेवू नकोस बाई.

समीर, ७:५८

काकू पण माझे सासू-सासरे मे मध्ये टोरंटोवरूनच आले, कोणी काही विचारलं नाही. नियम बदलला असेल.

वृषाली, ८:०५

समीर, तुझ्या सासू-सासऱ्यांचं ग्रीन कार्ड आहे. ग्रीन कार्डवाल्यांना कॅनडात व्हिसा लागत नाही, भारतीय पासपोर्टवर नुसता अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा असेल तर लागतो, विमानतळाबाहेर पाऊल टाकलं नाही तरी लागतो. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मीनल, चूक माझीही आहे. पाडव्याला मी पॉईंट्स कसे हलवायचे ते सांगितलं, पण मधल्या विमानतळाचं बोलायचं राहिलं, कारण तेवढ्यात पुरणपोळ्या आल्या.

नाना, ८:४४

चि. मीनल,

घाबरण्याचे कारण नाही. कॅनडाच्या ट्रान्झिट व्हिसाला फी नाही, फुकट असतो. सहा आठवडे हातात आहेत. अर्ज ऑनलाइन करा आणि मोकळे व्हा.

दुसरे असे की हे पॉईंट्सचे प्रकरण मला प्रथमपासून पटलेले नाही. मी १९८४ पासून इथे आहे. न्यूजर्सीच्या एजंटला फोन केला की पोस्टाने तिकीट घरी येत असे. लाल कार्बनचे. कधीही कोणी अडवले नाही.

नाना

अनिरुद्ध, ९:०२

नाना तेव्हा तुम्ही पण टोरंटोवरून जात नव्हता :)

वृषाली, ९:१०

नाना, व्हिसा फुकट असला तरी तो पासपोर्टवर चिकटवून येतो, म्हणजे मंजूर झाल्यावर पासपोर्ट जमा करायचा आणि परत यायची वाट बघायची. आईबाबा साताऱ्याला आहेत, त्यात दिवाळीच्या सुट्ट्या. आणि नाहीच आला वेळेत तर? बाळंतपणाला यायचंय त्यांना, नायगारा बघायला नाही.

मीनल, एक चांगली गोष्ट म्हणजे एरोप्लानचं तिकीट २४ तासांच्या आत रद्द केलं तर काही कापत नाहीत. म्हणजे आज रात्री ९:४० पर्यंत. त्यानंतर माणशी चांगला दीडशे कॅनेडियन डॉलरच्या आसपासचा दणका बसतो. पॉईंट्स मात्र एरोप्लानमध्येच परत येतील, चेसमध्ये नाही. चेसमधून गेलेला पॉईंट परत येत नाही, सासरी गेलेल्या मुलीसारखा.

सुनंदाकाकू, ९:१९

सासरी गेलेल्या मुली येतात हो परत, माझी आत्ता खालीच झोपलीये.

मीनल, ९:४०

ताई, काकू, थँक्यू. आत्ता बघितलं, त्याच दिवशी मुंबई–फ्रँकफर्ट तेच लुफ्तान्सा, पुढे फ्रँकफर्ट–वॉशिंग्टन–कोलंबस युनायटेड, एरोप्लानवरच दिसतंय आणि तेवढेच ७०,०००. पण दोनच सीट्स दाखवतायत. आणि फ्रँकफर्टला पण व्हिसा लागत असेल तर मी रडणार आहे.

अडचण अशी की माझे १,४०,००० आत्ताच्या तिकिटात अडकलेत. आधी हे रद्द करायचं तर मधल्या वेळात त्या दोन सीट्स गेल्या तर? आणि आधी नवीन काढायचं तर पॉईंट्स कुठून आणू? चेसमध्ये ७४,००० उरलेत.

वृषाली, ९:५२

फ्रँकफर्टला नाही लागत, अमेरिकेचा चालू व्हिसा आहे ना, मग जर्मनीत विमान बदलायला वेगळा ट्रान्झिट व्हिसा नको. व्हिसाची तारीख मात्र बघून घे, दहा वर्षं कधी संपतात ते. लोक पासपोर्ट बघतात आणि व्हिसा बघायला विसरतात.

बाकी फोन कर एरोप्लानला, तिथली बाई एकाच कॉलमध्ये जुनं काढून नवीन घालते.

मीनल, १०:३०

३५ मिनिटं होल्डवर होते, मग माझी मीटिंग आली.

अनिरुद्ध, १०:४१

मी चेसच्या त्या पोलॅरिसच्या बिल्डिंगमध्येच काम करतो म्हणून लोक मला विचारतात पण माझं डिपार्टमेंट वेगळं आहे हे आधी सांगतो, तिथे हजारो लोक आहेत. तरी हे गणित सोपं आहे बघ, ७४ मधून ७० एरोप्लानला टाक, चेसमधून हजाराच्या पटीत जातात आणि एरोप्लानला साधारण लगेच पोचतात. त्यावर एक सीट काढ, समजा तुझ्या आईची. मग जुनं रद्द कर, १,४० परत येतील, त्यातून बाबांची काढ. म्हणजे एक सीट तरी पक्की हातात, आणि मधला वेळ दहा मिनिटांचा.

नाना, ११:०६

म्हणजे आई एका विमानात आणि वडील दुसऱ्या? वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी? याला गणित म्हणत नाहीत, याला जुगार म्हणतात. शिवाय वन-वे तिकीट काढलेले दिसते. इमिग्रेशनवाला परतीचे विचारतो तेव्हा काय दाखवणार? व्हिजिटर व्हिसावर साधारण सहा महिने मिळतात, ते त्याच्या मनावर असते.

अनिरुद्ध, ११:१५

नाना विमान एकच आहे फक्त बुकिंग दोन

वृषाली, ११:२८

अनिरुद्धचं बरोबर आहे आणि खरं तर जास्तच बरोबर आहे, कारण असं केलं की मीनलकडे एरोप्लानमध्ये ७०,००० शिल्लक राहतील, ते एप्रिलच्या परतीच्या तिकिटाला. अर्धं काम झालंच म्हणायचं. उरलेल्या ७०,००० साठी राहुलच्या नावावर एक नवीन कार्ड घे, बोनस मिळाला की राहुलचे पॉईंट्स तुझ्या चेस खात्यात घेता येतात, एकाच घरात राहणाऱ्या एका माणसाला देऊ देतात. त्याने गेल्या दोन वर्षांत पाच कार्डं घेतली नसतील तरच चेस देईल. माझी रेफरल लिंक पाठवू का?

प्रसाद (लिस्ट सांभाळणारा), ११:३३

वृषाली, लिस्टवर रेफरल लिंक नको, गेल्या वर्षी ठरलंय. वैयक्तिक पाठव.

वृषाली, ११:३६

म्हणूनच "पाठवू का" विचारलं. पाठवली नाहीये.

आणि हे सगळं ज्यांचं बिल दर महिन्याला पूर्ण भरलं जातं त्यांच्यासाठीच. ज्यांचा बॅलन्स राहतो त्यांनी या वाटेला जाऊ नये, वीस टक्क्यांच्या वर व्याज लागतं, त्यात असली दहा तिकिटं वाहून जातील. हे मी पाडव्याला दोनदा सांगितलं होतं आणि तेव्हा सगळे पोळ्यांकडे बघत होते.

समीर, दुपारी १२:१०

माझ्याकडे पण साठेक हजार आहेत, मी ब्रिटिश एअरवेजला टाकून लंडनवरून बघितलं तर पॉईंट्स कमी पण वर फीच एवढी की नुसतं तिकीट घ्यावं. असं का?

वृषाली, १२:२२

फ्युएल सरचार्ज, म्हणजे इंधनाच्या नावाने लावलेली जादा फी. एरोप्लान पार्टनर एअरलाइनच्या तिकिटावर तो लावत नाही, २०२० पासून. टॅक्स आणि ३९ कॅनेडियन डॉलर पार्टनर फी, एवढंच. म्हणून तर मी सगळ्यांना एरोप्लान सांगते. तुझे ब्रिटिशचे एव्हिऑस (म्हणजे त्यांचे पॉईंट्स) कतार एअरवेजला हलवता येतात, दोहावरून बघ, तिथे त्या मानाने बरं पडतं. आणि एरोप्लानचे पैसे कॅनेडियन डॉलरमध्ये जातात, तेव्हा फॉरेन ट्रान्झॅक्शन फी नसलेलं कार्ड वापरा. नवीन विषय काढ पण, मीनलची घड्याळाशी झुंज चाललीये.

नाना, १२:५०

कार्डांचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. दिवाळीच्या हॉलचे आणि केटरिंगचे बिल खजिनदारांनी स्वतःच्या कार्डावर भरले असे ऐकतो. ६,२०० डॉलर. त्याचे पॉईंट्स कोणाचे? मंडळाचे की खजिनदारांचे? आणि कार्डाची ३ टक्के फी कोणी भरली? १८६ डॉलर होतात. एवढ्यात मुलांच्या नाटकाचा पडदा येतो.

शेखर (खजिनदार), १:२५

नाना, कमिटीच्या मीटिंगला आला असतात तर कळलं असतं. केटररला झेलने (बँकेतून थेट) दिलेत, कार्डावर फक्त हॉल, २,४०० डॉलर, कारण हॉलवाला चेक घेत नाही आणि मंडळाच्या डेबिट कार्डाची रोजची लिमिट तेवढी नाही. फी ७२ डॉलर, ती मी खिशातून भरली आहे, पावती ड्राइव्हवर आहे, लिंक सगळ्यांकडे आहे. पॉईंट्स मिळाले २,४००. त्यात कोलंबसहून डेटनला पण जाता येत नाही.

नाना, १:४०

तत्त्वाचा प्रश्न आहे.

अनिरुद्ध, १:४४

नवीन कार्ड होतं का शेखर? बोनससाठीचा मिनिमम खर्च होत असेल ना त्याने :))

शेखर, १:५१

अनिरुद्ध, तू पुढच्या वर्षी खजिनदार हो. खरंच हो.

सुनंदाकाकू, २:१५

अरे त्या पोरीचं काय झालं? तिला उत्तर द्या आणि मग भांडा. मीनल तू जेवलीस का?

मीनल, ४:०५

जेवले काकू. सॉरी, मीटिंग संपतच नव्हती, आणि मधे ते २,४०० पॉईंट्स वाचत बसले.

अनिरुद्धचं ऐकायचं ठरवलं. ७०,००० टाकले, दोन मिनिटांत आले. आईची सीट काढली, कन्फर्म. मग जुनं रद्द केलं आणि पॉईंट्स दिसेनात. हात थंड पडले माझे. पेज रिफ्रेश करतेय, रिफ्रेश करतेय, सहा-सात मिनिटांनी आले. तोवर ती दुसरी सीट दाखवेना, "नो फ्लाइट्स". परत शोधलं, नाही. शेवटी राहुलने त्याच्या लॅपटॉपवर माझ्या लॉगिनने बघितलं तर होती. बाबांचीही झाली, त्याच फ्लाइटला. ७०,००० शिल्लक आहेत.

आता एक विचारायचं होतं, दोन बुकिंग वेगळी आहेत तर व्हीलचेअर एकदाच सांगायची का?

वृषाली, ४:१२

शाब्बास!! व्हीलचेअर दोन्ही बुकिंगवर वेगवेगळी सांग, लुफ्तान्सालाही आणि युनायटेडलाही, आणि दोन्ही नंबर एकमेकांशी जोडायला सांग म्हणजे सीट शेजारी मिळतील. वॉशिंग्टनला बॅगा काढून परत टाकाव्या लागतात हे बाबांना नीट समजाव. टोरंटोला एक सुख होतं, अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच होतं आणि कोलंबसला नुसतं उतरायचं असतं. इथे तसं नाही. मधे वेळ किती आहे?

मीनल, ४:१५

तीन तास चाळीस मिनिटं.

वृषाली, ४:१६

पुरे.

सुनंदाकाकू, ४:३०

आणि विमान मध्यरात्रीनंतरचं असेल तर १३ तारखेलाच साताऱ्याहून निघायचं हे फोनवर चारदा सांग, कॅलेंडरवर लाल पेनाने लिहायला लाव. १४ म्हणजे १४ च्या रात्री असं समजून आमच्या ओळखीचे एक जण २४ तास उशिरा गेले होते विमानतळावर. आणि डिंकाचे लाडू आईला डब्यात नको, पिशवीत बांधून आणायला सांग, डबे फुटतात.

नाना, ५:०२

परतीचे काढून ठेव. तारीख नंतर बदलली तरी चालते.

मीनल, ५:२०

हो नाना, एप्रिलचं बघते, पॉईंट्स जमले की.

अजून एक. फ्लाइट कोलंबसला १४ ला संध्याकाळी ६:५० ला येतंय. आत्ता लक्षात आलं, त्याच दिवशी मंडळाची दिवाळी आहे ना? राहुल नाटकात आहे आणि मला डॉक्टरांनी तेव्हा गाडी चालवू नको म्हटलंय. कोणी विमानतळावर जाऊ शकेल का? प्लीज.

प्रसाद, ५:२६

मी साऊंडला आहे.

अनिरुद्ध, ५:२७

मी पण नाटकात

वृषाली, ५:३१

मी निवेदन करतेय गं. ७ ला सुरू.

नाना, ५:४५

मी जातो. मला नाटक बघायचे नाही, गेल्या वर्षी बघितले. फ्लाइट नंबर पाठव आणि तुझ्या वडिलांचा एक फोटो. मोठी गाडी घेऊन जाईन, चार बॅगा असतील. जेवायला त्यांना सरळ हॉलवरच आणतो.

शेखर, माझे तिकीट काढलेले आहे, पण मी ८ नंतरच पोचणार. तेव्हा अर्धे पैसे परत मिळावेत.

शेखर, ५:५८

नाना, केटररला आकडा गेलाय. आईबाबांची दोन ताटं मात्र मंडळाकडून.

नाना, ६:०३

कार्डावर?